तिसरी सॅक

आठवडाभर परदेशी भटकून यायचं, पाठीवर एकेक सॅक टाकून, तेही दोघी बहिणींनीच, हे ताईने सहा वर्षं मनात धरलं होतं. ती कवळ्या बनवण्याच्या कामाला होती. मेणात एकेक दात बसवताना मनातल्या मनात ती कितीतरी वाटा चालून यायची. यंदा दोघींना एकदमच रजा मिळाली, आणि धाकटी म्हणाली, "ताई, खारूताईपण येतेय हं."

खारूताई म्हणजे धाकटीच्या ग्रंथालयातली मैत्रीण. सतत काहीतरी कुरतडत असायची, म्हणून पडलेलं नाव. ताईच्या पोटात दुखायला लागलं ते तिथूनच. नावातसुद्धा 'ताई'! तेवढं तरी आपल्या एकटीचं राहू द्यायचं!

रविवारी दुपारी धाकटीच्या घरी तिघी नकाशा पसरून बसल्या.

"बेटांवर जाऊ या," खारूताई म्हणाली. "किनाऱ्याकिनाऱ्याने चालायचं, रोज एक होडी, रोज नवं बेट."

"आणि तंबू वाळूतच! परवा बोललो तसं," धाकटी म्हणाली.

परवा? म्हणजे आधीच ठरलंय तर. आपण इथे नुसती मान डोलवायला! तेवढ्यात खारूताई चहा ठेवायला उठली आणि तिने कुणाला न विचारता नेमकं साखरेचं कपाट उघडलं. ताईला त्या घरात साखर अजून शोधावी लागायची.

"मला डोंगर हवेत," ताई एकदम म्हणाली. तिने खिंडीतून जाणाऱ्या वाटेवर बोट ठेवलं. "चार दिवस चढ, तीन दिवस उतार."

दोन वर्षांपूर्वी खारूताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. ताईला ते ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच बोट तिथे गेलं.

धाकटीने खारूताईकडे पाहिलं. "तुझा गुडघा?"

"बघू या की. डोंगर तर डोंगर."

तिकिटं शुक्रवारी काढायची ठरली. बुधवारी ताई व्हिसाचे फोटो द्यायला ग्रंथालयात गेली. लिफ्ट येईना, म्हणून जिन्याने निघाली, तर तिसऱ्या मजल्यावर खारूताई पायरीवर बसलेली. पाठीला जाड ग्रंथांनी गच्च भरलेली सॅक, दोन्ही हात गुडघ्यावर, चेहरा घामाने डबडबलेला.

"सराव करतेय," ती कसंनुसं हसली. "तिला सांगू नका हं. ती लगेच बेत बदलेल. तुमचं किती वर्षांचं मनात आहे! ती सारखी सांगत असते, आमची ताई अशी, आमची ताई तशी."

अशी म्हणजे कशी, हे विचारायचा मोह ताईला त्याही क्षणी झाला. मग मात्र कान तापले. तिने सॅक ओढून घेतली, स्वतःच्या खांद्यावर टाकली आणि चौथ्या मजल्यावर जाऊन धाकटीच्या टेबलावर आदळली.

"डोंगर रद्द. बेटांवरच जाऊ," ती म्हणाली. आणि मागून लंगडत आलेल्या खारूताईसमोरच, "मला तिचा गुडघा माहीत होता. ती येऊ नये म्हणून मी डोंगर धरला."

धाकटी तिच्याकडे बघतच राहिली. "ताई, तू? इतक्या खालच्या थराला?"

खारूताई खाली मान घालून सॅकमधले ग्रंथ एकेक करून बाहेर काढत राहिली.

दोन दिवस धाकटीने फोन उचलला नाही. शुक्रवारी संध्याकाळी तिचा निरोप आला: 'बेटांची तिकिटं काढली. तिघींची.' ताईचा जीव भांड्यात पडला. मग तिने जागा पाहिल्या. बाराव्या रांगेत त्या दोघींच्या, शेजारीशेजारी. ताईची एकविसाव्या रांगेत, पार मागे.

निघायच्या दिवशी ताई विमानात निमूटपणे मागे जाऊन बसली. पुढे दोन डोकी एकमेकांकडे झुकून खिदळत होती. पोटात अजून दुखत होतंच, पण तक्रार करायला तोंड उरलं नव्हतं.

आठ तासांचा प्रवास होता.