ओनोबाईंच्या वडिलांचा हात

आरतीच्या ताटात कापूर असा भडकलेला मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. फस्सकन आवाज झाला, पिवळाजर्द जाळ हातभर वर गेला आणि ताट धरलेल्या आश्लेषाची कपाळावरची बट चुर्रकन जळाली. मी खालून ताट धरलं म्हणून, नाहीतर ते गालिच्यावरच पडायचं. जाळ आला तसा क्षणात गेलाही. टाळ्या थांबल्या. आरतीला जमलेली मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली, आणि मागून कोणीतरी हसून म्हणालं, "बाप्पा फुल पॉवरमध्ये आहेत, यार!"

आमचे हे तेवढे हसले नाहीत. मान वर करून वास घेत उभे राहिले. माणूस एरवी आरतीत डुलक्या काढतो. त्या दिवशी चेहरा पांढराफटक पडला होता.

"आश्लेषा," हे म्हणाले, "कापूर कुठून घेतलास?"

"वरचा संपला होता काका. बेसमेंटमधला तुमचा छोटा फ्रिज उघडला तर मस्त वास आला. तिथल्या डब्यात एवढे मोठ्ठे तुकडे होते."

"आणि डबा?"

"तो काय. परत लागला तर असावा म्हणून इथेच आणून ठेवला."

तिने गणपतीच्या टेबलाकडे बोट दाखवलं. मखराच्या कडेला, बुटक्या समईला जवळजवळ खेटून तो पत्र्याचा गोल डबा होता. झाकण उघडं. समईच्या पाचही वाती कशा छान तेवत होत्या!

त्या डब्यात काय आहे हे त्या खोलीत आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. गेला दीड महिना त्यावरून घरात रोज भांडण चाललेलं.

हे लेमिन्स्टरच्या प्लॅस्टिकच्या कारखान्यात इंजिनिअर होते. आधी कंगवे, मग खेळणी, मग औषधांच्या बाटल्या. पुण्याहून आलो, श्रूजबरीत घर घेतलं, मुलं वाढवली आणि रिटायर झालो, एवढीच आमची अमेरिका. रिटायर झाल्यावर यांना जुने प्रोजेक्टर दुरुस्त करायचा नाद लागला. लोक गॅरेज सेलमध्ये मोडकं यंत्र बघून पुढे जातात, हे गाडीत घालून घरी आणतात. मी काही बोलले नाही. नवरा घरात असून पायात येत नाही, यापरतं सुख नाही.

पण शेजारच्या ओनोबाईंनी तो डबा आणून दिला आणि माझी झोप उडाली.

ओनोबाई जपानच्या. नव्वदीला टेकलेल्या, काडीसारख्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांचे वडील टोकियोत कार्टून फिल्म बनवायच्या एका खोलीत कामाला होते. कार्टून म्हणजे तेव्हाचं. कागदाचे ससे, माकडं कापायची, काचेवर मांडायची, वरून कॅमेऱ्याने एक चित्र घ्यायचं, सशाचा पाय जरासा सरकवायचा, पुन्हा एक चित्र. फिल्म थिएटरात दाखवून झाली की तिचे तुकडे करून खेळण्यांच्या दुकानात विकायचे, पोरांनी घरच्या हँडलच्या यंत्रावर बघायला. असाच एक तुकडा बाईंच्या आईने विकत घेतला होता, कारण त्याच्या शेवटी एक चूक राहिली होती. ससा सरकवून झाल्यावर वडिलांनी हात वेळेवर मागे घेतला नाही आणि तो चित्रात आला.

बाई दीड वर्षाच्या असताना वडील क्षयाने गेले. पुढे घर, फोटो, कपडे, सगळं युद्धातल्या आगीत गेलं. माय-लेकी आधीच खेड्यात गेल्या होत्या, त्यांच्याबरोबर हा डबा तेवढा वाचला. "लहान असताना आई तो हात खिडकीशी धरून दाखवायची," बाई मला म्हणाल्या होत्या. त्या इंग्रजीत बोलतात, मी आपली माझ्या भाषेत सांगते. "आता आठवायला गेलं तर खिडकीच डोळ्यांपुढे येते. हात येत नाही."

फिल्म सुकून कडक झाली होती, उलगडायला जावं तर तुटायची. तिच्यातला कापूर उडून गेलाय, असं यांचं निदान. जुनी फिल्म म्हणे कापूर घालूनच बनवायचे. म्हणून हे इंडियन स्टोअरमधून कापराच्या वड्या आणून त्या डब्यात फिल्मवर रचत होते. बंद डब्यात वाफ लागली की फिल्म मऊ होईल, मग यंत्रातून एकदा, फक्त एकदाच फिरवता येईल. तोवर तिला हात लावायचा नाही.

या जुन्या फिल्मची जात किती वाईट, ती फ्रिजच्या थंडाव्यातच का ठेवायची, ते यांनीच मला सांगितलं होतं. पेटली की पाण्यानेही विझत नाही, आणि धूर छातीत गेला तर माणूस उठत नाही. "अहो, मग म्युझियमला द्या ना!" मी रोज म्हणायची. हे म्हणायचे, "देणारच आहे. पण त्यांना वेळ लागेल, आणि बाई सोमवारी मुलाकडे ॲरिझोनाला चालल्यात, कायमच्या. एकदा त्यांना बघू दे." तर त्या रविवारी दुपारी बाई फिल्म बघायला यायच्या होत्या.

आणि त्याच रविवारी तो डबा समईला टेकून उभा!

"सगळ्यांनी मागच्या दाराने अंगणात व्हा," हे हळू आवाजात म्हणाले. "धावू नका. चपला शोधू नका."

आता आपली माणसं चपला शोधल्याशिवाय बाहेर पडतात का? दोघी तरी कपाटाकडे वळल्याच. एकीला मोदकांचं ताट न्यायचं होतं. "जा म्हणते ना!" मी अशी ओरडले की देवासमोर मलाच लाज वाटली, पण खोली रिकामी झाली. आश्लेषा मात्र भिंतीला चिकटून उभी. नागपूरची पोर, नोकरीसाठी येऊन सहा महिने झालेले, मला स्वतःच्या काकूसारखी मानते. "काकू, काय केलं मी?" एवढंच म्हणत होती.

हे टेबलाकडे निघाले. मी दंड धरला. यांचे हात गेलं वर्षभर थरथरतायत. चहा दिला तर कप-बशी आधी वाजते आणि मग हे दिसतात. ते हात त्या वातींजवळून डबा उचलणार?

"मी उचलते," मी म्हटलं.

"आधी दिवा, वसुधा. आणि फुंकू नकोस, ठिणगी उडेल."

आता काय सांगू! आमच्या सासरी गणपती बसल्यापासून उठेपर्यंत समई शांत होऊ द्यायची नाही. सासूबाई उशाशी तेलाची बुधली घेऊन झोपायच्या. लग्न होऊन आल्यापासून मी एकदाही तो दिवा जाऊ दिला नव्हता. पण मखराचा पुढचा कागद हलत होता आणि बाहेर माणसं उभी होती. मी तीर्थाच्या भांड्यात बोटं बुडवली. "बाप्पा, माफ कर रे," मी मोठ्याने म्हटलं, "घर राहिलं तर पुढच्या वर्षी तुला बसवू."

पहिली वात चिमटीत धरली. चटका बसला. दुसरी, तिसरी. चौथीला बोटं कोरडी झाली होती, पुन्हा बुडवायला हात मागे घेतला तर पदर डब्याला लागला आणि डबा जरासा सरकला. ज्योतीच्या आणखी जवळ. मागून यांचा श्वास अडकलेला ऐकू आला. मी काही बघितलं नाही, तशीच कोरड्या बोटांनी चौथी आणि पाचवी दाबली. मग डबा दोन्ही हातांनी उचलला आणि बाहेर नेऊन मेपलखाली गवतावर ठेवला. मग तिथेच खाली बसले. खूप रडू आलं, ते तिथेच उरकून घेतलं.

हे गुडघ्यांवर बसून डब्यात बघत होते.

"वाचली ना?" मी विचारलं.

"बाहेरचं टोक तुटलंय."

आश्लेषा मागे येऊन उभी होती. "काका, एका वडीला रॅपर चिकटलं होतं. निघेना. सगळे आरतीला बोलवत होते, मला वाटलं जळून जाईल, म्हणून तसंच ताटात टाकलं..."

"रॅपर नव्हतं ते," हे म्हणाले. "फिल्म उलटी गुंडाळलेली होती. बाहेरचं टोक म्हणजे शेवट."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि मी आश्लेषाकडे बघायचं टाळलं. तो हात आम्ही गणपतीला ओवाळला होता.

माणसं पांगली. जेवणं कशी झाली विचारू नका. आश्लेषा घरी जायला तयार नव्हती आणि तोंडात घासही घालत नव्हती. मी यांना म्हटलं, "बाई दारात आल्या की सांगून टाका." हे म्हणाले, "हो." पण बाई आल्या त्या ठेवणीतला निळा किमोनो नेसून. आमच्याकडे गेल्या कित्येक दिवाळ्यांना येतात, पण कधी त्या कपड्यांत दिसल्या नव्हत्या. यांनी तोंड उघडलं आणि "या," एवढंच म्हणाले. मी डोळे वटारले. उपयोग शून्य.

यंत्र गॅरेजमध्ये मांडलं होतं. बाजूचं दार उघडं, वाळूची बादली जवळ, यंत्रात साधा, न तापणारा दिवा. भिंतीवर माझी पांढरी चादर. बाई खुर्चीत ताठ बसल्या. आश्लेषा दाराशी. हे हँडल फिरवायला लागले आणि आश्चर्य म्हणजे हात अजिबात थरथरला नाही.

चादरीवर ससा आला. कागदाचाच, कडा दिसत होत्या. डोंगर चढला, पडला, उठला, टोपी शोधायला लागला. ओरखड्यांचा पाऊस, मध्येच चित्र थरथरायचं, फिल्म कटकट करत यंत्रातून जात होती आणि दर कटकटीला माझा जीव वर-खाली होत होता. बाई हसल्या. लहान पोरीसारख्या खुदकन हसल्या, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण पुढे काय नाही ते मला माहीत होतं.

सशाने टोपी उचलली. फटकन चादर पांढरी झाली.

बाई बघत राहिल्या. थोड्या पुढे झुकल्या. "आता येईल," त्या म्हणाल्या. "आता हात येतो."

हे हँडल फिरवतच राहिले. फिल्म संपून खालच्या टोपलीत पडली होती, तरी फिरवत होते. म्हटलं, आता मीच बोलते. तेवढ्यात आश्लेषा पुढे आली.

"मिसेस ओनो, तो जळला. माझ्या हातून. मी कापूर समजून आरतीत जाळला." तिचं सगळं इंग्रजी अडखळत होतं, सॉरी म्हणता म्हणता ती हमसून रडायला लागली.

बाईंनी मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट धरले होते, तेवढे दिसत होते. मला वाटलं, आता उठतील आणि जातील, आणि जायलाच हवं होतं. पण त्यांनी विचारलं, "जाळण्याआधी तू पाहिलंस?"

आश्लेषाने डोळे पुसले. "हो. वडी सुटेना म्हणून खिडकीपाशी उजेडात धरली होती. मला वाटलं, रॅपरवरचं चित्र आहे. बोटं होती."

"कोणती?"

"अंगठा आणि हे बोट. सशाचा कान असा चिमटीत धरलेला."

"उजवा हात?"

आश्लेषा थांबली. आपले दोन्ही हात समोर धरून बघितले. "नाही. डावा."

बाईंनी डोळे मिटले. "डावखुरे होते," त्या म्हणाल्या. "आई सांगायची." मग डोळे उघडून म्हणाल्या, "दाखव मला."

आश्लेषाला कळेना कुठे दाखवायचं. बाईंनी चादरीकडे मान केली. ती यंत्रापुढे गेली आणि त्या पांढऱ्या उजेडात तिने डावा हात धरला. चादरीवर मोठी काळी सावली पडली, अंगठा आणि एक बोट.

"असा?"

"तू पाहिलंयस. तू सांग."

आश्लेषाने बोटं थोडी वाकवली. मनगट खाली घेतलं, पुन्हा जरा वर घेतलं. "असा," ती म्हणाली, आणि हात तिथे स्थिर धरला.

बाई बघत होत्या. पोरीचा हात भरून आला, कोपर कापायला लागलं, तिने दुसऱ्या हाताने त्याला खालून आधार दिला पण बोटं हलू दिली नाहीत. हे रिकाम्या यंत्राचं हँडल फिरवत होते, आणि त्यांना थांबा म्हणायला माझी जीभ उचलेना.