शनिवारी सात वाजता कोणीही हजर नव्हते

मी एक जुनी मोजपेटी आहे. कोणत्या घरात कोण कोणता कार्यक्रम पाहतो, याची नोंद ठेवणे हे माझे काम. टीव्हीशेजारी बसून मी अकरा वर्षे ते केले. मित्रांनो, विजेच्या झटक्यांनी मला जेवढे छळले नाही, तेवढे माणसांनी छळले.

एका लांबट कारखान्यात माझा जन्म झाला. एका बाईने भिंगातून पाहत माझ्या बारीक तारा जोडल्या, दुसरीने कपाळावर दिवा बसवला. टीव्ही लागला की तो लाल लुकलुकतो. म्हणजे मी विचारते, "कोण कोण बसलंय?" प्रत्येकाने हातातल्या चपट्या यंत्रावरचे आपापले बटण दाबायचे. मग दिवा हिरवा होतो. संपले काम! प्रत्येक घरात पेटी बसवता येत नाही, म्हणून एक पेटी हजारो घरांच्या वतीने बोलते. एवढी जबाबदारी, आणि पहिल्या घरात माझ्यावर ओले मोजे वाळत घालत. दुसऱ्या घरातली मंडळी टीव्ही चालू ठेवून, सगळी बटणे दाबून लग्नाला गेली. तीन दिवस मी रिकाम्या खोलीत भरगच्च गर्दी नोंदवत राहिले.

तिसऱ्या घरात मात्र मला वाटले, आपले नशीब उघडले. तिथे एक आजोबा होते, परीक्षा मंडळातले निवृत्त मुख्य परीक्षक. त्यांची लेक रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करी, जावई लिफ्ट दुरुस्त करी. नात नऊ वर्षांची. ती एका जागी बसत नसे, म्हणून तिला सगळे 'चावी' म्हणत. आजोबांनी पहिल्याच दिवशी नियम लिहून भिंतीवर डकवले. मोरीत जायचे झाले तरी ते आधी आपले बटण बंद करत. दर दोन महिन्यांनी मला तपासायला येणारा कारागीर म्हणाला, "असं घर मी पाहिलं नाही!" मी फुगून गेले.

मग 'ध्रुवापलीकडे' परत आली.

ही अंतराळातल्या एका जहाजाची मालिका. बावीस वर्षांपूर्वी आजोबा आणि आजी ती मिळून पाहत. जहाज एका अनोळखी ग्रहावर उतरले, कप्तानबाईंनी एका बंद दारावर हात ठेवला, आणि प्रेक्षक कमी म्हणून मालिका तिथेच बंद पडली. दारामागे काय होते? आजी शेवटच्या आजारपणातही विचारत, "काय हो, काय असेल?" आता नव्या नटसंचात तीच मालिका पुढे सुरू झाली. दर शनिवारी सात वाजता आजोबा इस्त्रीचा सदरा घालून समोर बसू लागले.

पहिल्या शनिवारी चावीने बटणाकडे हात नेला.

"थांब," आजोबा म्हणाले. "आज कोणी बटण दाबायचं नाही."

"का?"

"ही आपल्या आवडीची आहे. आपल्या माणसाचा पेपर आपण तपासायचा नसतो."

लेक कपाळावर हात मारून म्हणाली, "बाबा, माझ्या परीक्षेच्या वर्षी तुम्ही बिनपगारी रजा घेऊन घरी बसला होतात. आता टीव्हीलाही तेच?"

"तत्त्व ते तत्त्व."

जावई हळूच पुटपुटला, "तत्त्वाला लिफ्टसारखं मधल्या मजल्यावर थांबता येत नाही वाटतं."

चौघेही डोळे विस्फारून समोर बसलेले, आणि मी लाल लुकलुकतेय! अहो, दाबा! एक बटण दाबा! मला तोंड असते तर मी ओरडले असते. शेवटी आजोबांनी माझ्या दिव्यावर रुमाल टाकला. त्या रात्री मी कळवले: टीव्ही चालू, माणूस एकही नाही. ज्या कार्यक्रमांना घर जांभया देई, त्यांना मात्र चोख चार प्रेक्षक.

असे सहा शनिवार गेले. सातव्या आठवड्यात पेपरात बातमी आली की प्रेक्षक नाहीत म्हणून 'ध्रुवापलीकडे' या शनिवारी संपणार. आजोबांनी पेपराची घडी घातली, पुन्हा उलगडली. "लोकांना चांगलं काही पाहायलाच नको," ते म्हणाले. माझा दिवा संतापाने फुटायचाच बाकी होता.

दुसऱ्या दिवशी कारागीर आला. माझी नोंद पाहून त्याच्या भुवया चढल्या. "आजोबा, शनिवारी सातला तुम्ही टीव्ही चालू ठेवून बाहेर जाता का?"

आजोबांनी छाती फुगवून सगळे सांगितले. कारागीर मटकन खुर्चीत बसला.

"अहो आजोबा, ही पेटी गुण मागत नाही. ही फक्त हजेरी घेते."

"हजेरी?"

"वर्गात बसलेल्या मुलाला गैरहजर लावाल का तुम्ही?"

चाळीस वर्षांच्या शिक्षकीत आजोबांनी हजेरीपटावर खाडाखोड केलेली नव्हती. मग ते हळूच म्हणाले, "म्हणजे मी सहा वेळा खोटी हजेरी लावली."

शनिवारी त्यांनी माझ्यावरचा रुमाल स्वतः काढला. चौघांनी चार बटणे दाबली. माझा दिवा हिरवा झाला. पाचवे बटण पाहुण्यांचे. आजोबांचे बोट त्यावर गेले आणि थबकले. चावी म्हणाली, "आजीचं दाबा ना."

मलाही वाटले, दाबावे. ही एक चुकीची नोंद मी आनंदाने केली असती!

आजोबांनी बोट मागे घेतले. "नाही, बाळा. ती गैरहजर आहे."

घाईघाईत उरकलेल्या त्या भागात कप्तानबाईंनी शेवटी दार उघडले. आत आणखी एक बंद दार होते. त्यावरच कलाकारांच्या नावांची यादी सरकू लागली. आजोबा टीव्हीकडे पाहत राहिले. "आणखी बावीस वर्षं मला जमायची नाहीत," ते म्हणाले आणि सदऱ्याची वरची गुंडी काढली.

मित्रांनो, आता मी गोदामाच्या फळीवर पडून असते. माझ्यावर धूळ बसली तरी चालेल, पण एक ऐका. जे आवडते त्याच्यासमोर नुसते गप्प बसू नका. कोणीतरी लाल दिवा लावून विचारत असते, "कोण कोण बसलंय?" तेव्हा हात वर करून सांगा, मी आहे. मी फार वैतागले आहे, पण अजूनही तेच विचारते.