कल्याण जोशींचा दगड

माझी बायको उषा टेंभुर्णीजवळच्या आमच्या गावात शाळेत शिकवायची. मी गवंडी, चौथीपर्यंत शिकलेला. ती जाऊन चौदा महिने झाले.

अठरा वर्षं ती कल्याण जोशी नावाच्या माणसाच्या मागे होती. अडीचशे वर्षांपूर्वी तो आमच्या गावात तारे मोजायचा. ग्रहण पंचांगातल्या वेळेला लागणार नाही, घटकाभर उशिरा लागेल, असं त्यानं भर बाजारात सांगितलं आणि तसंच झालं. उषाला हे जुन्या जालन्यात एका घरातल्या मोडी कागदावर सापडलं. बाकी त्याचं काही उरलं नव्हतं. फक्त माळावर त्यानं बसवलेला एक लांब दगड.

सुट्टीच्या दिवशी ती तिथं बसायची. मी डबा घेऊन जायचो. ती दगडाबद्दल सांगायची, मी हो हो म्हणायचो.

वर्षश्राद्धाला तिच्या नावानं काहीतरी करावं, असं मनात आलं. दगड पडल्यासारखा होता. एक टोक जमिनीत, दुसरं उत्तरेकडे थोडं उचललेलं. मला ते बघवेना. मी आणि माझा जोडीदार तातेराव, दोघांनी पहारीनं तो उकरून उभा केला. ओळंबा लावला, बुडाशी काँक्रीट भरलं, भोवती फरशी बसवली.

"अडीचशे वर्षं झोपून राह्यला गडी," तातेराव म्हणाला. "वहिनीच्या धाकानं उठला बघ!"

वर्षभरात मी पहिल्यांदा हसलो.

परवा विद्यापीठातून आकांक्षा मॅडम आल्या. उषानं जाण्याआधी त्यांना पत्र लिहिलं होतं. त्या जुन्या खगोल अभ्यासकांची यादी करतात. त्यात जोशींचं नाव यावं, एवढंच उषाला हवं होतं. आम्ही त्यांना माळावर नेलं.

"हा उभा कुणी केला, काका?"

"मीच. पडला होता ना."

"पडला नव्हता. ध्रुवतारा इथून जेवढा वर दिसतो, तेवढाच तो तिरका आहे, असं बाईंनी लिहिलंय. मोजायला साधन नाही, तुम्ही या, म्हणाल्या होत्या. किती होता तिरका?"

मी हात तिरका धरला. मग थोडा खाली घेतला.

"इतका कुठं व्हता रे?" तातेरावनं माझा हात अजून खाली दाबला. "असा व्हता. का न्हाई?"

मी हात पुन्हा थोडा वर नेला.

घरी एकच फोटो होता. तो समोरून काढलेला, दगडापुढं मुलांची रांग. तिरकेपणा दिसत नव्हता.

"आजच पुन्हा आडवा करतो, मॅडम."

"तुम्ही अंदाजानं ठेवलेला दगड तुमचा होईल, काका. जोशींचा नाही."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. ओट्यावर बसून त्यांनी कागद भरला. जोशींच्या नावापुढं 'पुरावा उपलब्ध नाही' असं लिहिलं. त्याखाली, 'माहिती देणारी' म्हणून, उषाचं नाव.

"तिचं खोडा," मी म्हणालो. "तिचं काम मी मोडलं. माझं लिहा."

"तुमचं लिहिलंय," त्या म्हणाल्या आणि कागद माझ्यापुढं धरला. 'जागेत बदल करणारा: धर्मराज.'

मी सही केली.