मैनेची नक्कल

मावशींना लोक मावशी म्हणायला लागले तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या. नाटकात मावशीचं काम करणारी बाई ऐनवेळी आजारी पडली, यांच्या केसांना पावडर फासून यांनाच उभं केलं, आणि प्रयोग असा रंगला की पुढची पन्नास वर्षं सुटका झाली नाही. वयाने मोठे असलेले दिग्दर्शकसुद्धा त्यांना मावशीच म्हणत. त्यांनी दोन हजारांवर प्रयोग केले, अकरा चित्रपट केले, आणि एका मालिकेत सात वर्षं जिन्यावर उभं राहून सुनेकडे डोळे वटारून बघितलं. रस्त्यात लोक ओळखत ते त्या जिन्यामुळे. कलेचं चीज होतं म्हणतात ते असं.

पण नाटकवाल्यांच्या बैठकीत मावशींची कीर्ती वेगळीच होती. जेवणं आटोपली की कुणीतरी म्हणायचंच, “मावशी, मैनेची करा!” मावशी दोनदा नाही म्हणत. तिसऱ्यांदा म्हणत नसत, कारण तिसरा नकार लोक खरा मानतात. मग उठून, मान तिरकी करून, शब्दाचं शेपूट नाकातून ओढत त्या मैनेची नक्कल करत आणि लोक हसून हसून आडवे होत.

मैना म्हणजे त्यांची एके काळची जिवाभावाची मैत्रीण. आवाजामुळे तिला सगळे मैना म्हणत. नऊ वर्षं दोघींनी एकाच आरशासमोर तोंडं रंगवली, एकाच डबीतल्या टाचण्या वापरल्या. मग एका चित्रपटात दोघींना सख्ख्या बहिणींची कामं मिळाली. चित्रपट चालला आणि पडद्याने मैनेला उचलून घेतलं. मावशी मागे राहिल्या, आपल्या पावडरीसह. त्यांच्या पोटात दुखलं, अगदी मुरडा आल्यासारखं दुखलं, आणि त्यावरचं औषध म्हणजे ही नक्कल. एका बैठकीत ती ऐन रंगात असताना मैना दारात येऊन उभी राहिली, ऐकलं, आणि आल्या पावली परत गेली. त्याला आता सव्वीस वर्षं झाली होती. दोघींमध्ये तेव्हापासून चकार शब्द नव्हता.

अशात एके सकाळी एका रेकॉर्डिस्टचा फोन आला.

“मावशी, तुमचा तो बहिणींचा चित्रपट आम्ही दुरुस्त करतोय. शुक्रवारी दाखवायचाय. पण सहाव्या रिळातल्या तीन मिनिटांचा आवाज पार गेलाय. ओल लागून.”

“सहावं म्हणजे स्वयंपाकघरातलं? अरे, त्यात सगळं मैनाच बोलते. मी फक्त भांडी पुसते. शेवटी एकदा ‘बरं बाई’ म्हणते. ते म्हणून देईन, त्यात काय!”

“तेवढंच नाही.” रेकॉर्डिस्ट घुटमळला. “मैनाताईंचं दोन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं. आवाज गेला त्यांचा. तुम्हाला माहीत नव्हतं?”

मावशींनी फोन दुसऱ्या कानाला लावला. दिवाळखोर शत्रूबद्दल वाटावं तसं समाधान होईल म्हणून क्षणभर वाट बघितली. झालं नाही.

“तर लोक म्हणतात,” तो पुढे म्हणाला, “त्यांचा आवाज आता फक्त तुमच्याकडे आहे. तुम्ही केलात तर ठीक, नाहीतर ती तीन मिनिटं मुकीच दाखवावी लागतील. मैनाताईंना विचारलं. त्यांनी लिहून कळवलंय, मी येते, ऐकते, मग सांगते.”

“ती येणार? समोर बसणार?” मावशींचा स्वर चढला. “मग मला नाही जमणार हो!”

गुरुवारी सकाळी दहाला मात्र त्या डबिंगच्या खोलीत हजर होत्या, नवी साडी नेसून. का, ते स्वतःलाही सांगता आलं नसतं. चारी भिंतींना गालिचा ठोकलेली लहानशी खोली, मध्ये माईक, समोर पडदा, आणि काचेपलीकडे रेकॉर्डिस्टची दाढी. कोपऱ्यातल्या खुर्चीवर मैना आधीच बसलेली. गळ्याभोवती रेशमी रुमाल, मांडीवर वही, शेजारी लेक. मैना बारीक झाली होती, पण पाठ तशीच ताठ. तिने मान हलवली. मावशींनीही हलवली. एखाद्या अनोळखी घरमालकिणीला बघून हलवतात तेवढीच.

पडद्यावर पंचविशीतल्या मैनेचे ओठ हलायला लागले. मावशींनी मान तिरकी केली आणि सुरू केलं. ओठांशी शब्द अचूक बसत होते. शेपटं नाकातून बरोब्बर ओढली जात होती. काचेपलीकडे दाढी थरथरली. हसू दाबताना थरथरते तशी.

मैनेची लेक मात्र जमिनीकडे बघत होती.

“मस्त आहे, मावशी,” रेकॉर्डिस्ट माईकवरून म्हणाला, “पण... हे ऐकून लोक हसतील. आणि सीन तर घर सोडून जाण्याचा आहे.”

दुसरा टेक घेतला, तिसरा घेतला. शेपटं आखूड करावीत तर मैना उरतच नव्हती, नुसती एक थकलेली म्हातारी राहत होती. चौथ्याला मावशींनी हेडफोन काढून ठेवला आणि खुर्चीकडे वळल्या.

“मला तुझा आवाज येत नाही गं,” त्या म्हणाल्या. “मला फक्त तुझी टिंगल येते. सव्वीस वर्षं तेवढीच घोटली.”

मैनेने गळ्याचा रुमाल सारखा केला.

“आणि ऐक, आता आलीच आहेस तर. त्या दिवशी तू दारात उभी राहिलीस ते मला दिसलं होतं. लोक म्हणतात, मावशींना कळलंच नाही. कळलं होतं. मी बघितलं तुला आणि तरी पुढचं वाक्य घेतलं. हशा येत होता गं. येता हशा सोडवला नाही मला. चुकले मी. फार चुकले.”

मैनेने वही उघडली, पेन्सिलीने सावकाश लिहिलं आणि लेकीच्या हाती दिलं. लेकीने वाचलं, आधी मनात, मग मोठ्याने.

“आई म्हणते, दिसलं होतं तेही माहीत आहे. नजरानजर झाली होती. तुझ्या जागी मी असते तर मीही सोडला नसता. पण फोन तरी करायचास, गाढवा.”

मावशी एकदम हसल्या आणि त्यातच रडू फुटलं. मैना उठून माईकपाशी आली. तिने मावशींच्या अजूनही तिरक्या मानेला दोन बोटं लावून ती सरळ केली, लहान मुलीची करावी तशी. मग वहीत लिहिलं: *मी नाकात बोलत नव्हते. मला श्वास पुरत नव्हता. वाक्याच्या मध्येच घ्यायचे, चोरून.* आणि तिने मावशींचा हात धरून आपल्या छातीवर ठेवला.

पडदा पुन्हा उजळला. मैनेचे आत्ताचे ओठ पडद्यावरच्या ओठांबरोबर हलू लागले, आवाजाविना. जिथे तिची छाती वर उचलली जाई तिथे मावशी श्वास चोरत. शेपूट ओढायची गरजच पडेना. पुरता श्वास नसलेली, घाबरलेली आणि तरी हट्टाने गोड बोलणारी ती पोरगी आपोआप बाहेर आली. “भांडी राहू देत, माझ्याकडे बघ,” असं पडद्यावरची मैना म्हणाली आणि मावशींच्या अंगावर काटा आला, कारण तो आवाज त्यांनी आरशासमोर नऊ वर्षं रोज ऐकला होता. शेवटचं “बरं बाई” त्यांनी आपल्या आवाजात म्हटलं तेव्हा ते जेमतेम ऐकू आलं.

काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट खाकरला. “झालं. ओके आहे. मैनाताई, तुम्हाला?”

तो टेक खोलीत वाजवला गेला. मैना डोळे मिटून उभी होती. संपल्यावर तिने वही घेतली आणि एकच शब्द लिहिला. *पुन्हा.*

“आता काय चुकलं?” मावशी उसळल्या. पन्नास वर्षांत ओके झालेला टेक कुणी परत मागितला की त्या उसळतच.

मैनेने मान हलवली, आणि तिच्या हातातली पेन्सिल पुढे सरकली.

*चुकलं काही नाही. मला ऐकायचाय.*