येऊन गेलेला गुलाबी रंग

मित्रांनो, मी निळ्या झाकणाची एक जुनी पेटी आहे. घरच्या पोहण्याच्या तलावात क्लोरीन पुरेसं आहे की नाही, एवढंच सांगणं माझं काम. माझ्या पोटात दोन नळ्या आणि औषधाच्या दोन कुप्या आहेत, झाकणात रंगांचं एक कार्ड आहे. चौदा वर्षं मी खरं सांगितलं. एकदाच खोटं सांगितलं आणि ते एका लहान मुलीच्या डोळ्यांना भोवलं. ती गोष्ट सांगताना अजून माझी मान खाली जाते.

मी ऑस्ट्रेलियात, मेलबर्नजवळच्या एका कारखान्यात साच्यातून निघाले. तिथून दूर उत्तरेला, इप्सविच गावातल्या एका दुकानात आले. नोरीनबाईंनी मला फळीवरून उचललं, झाकण दोनदा उघडून-मिटून पाहिलं आणि टोपलीत ठेवलं. त्यांचे यजमान डेस क्लोरीनपाशी उभे होते. कॅनमधलं पातळ क्लोरीन, डब्यातली भुकटी आणि हळूहळू विरघळणाऱ्या वड्या, असे तीन प्रकार तिथे मांडले होते.

"वड्या घे," डेस म्हणाले. "टाकल्या की आठवडाभर डोक्याला ताप नाही."

"वडीबरोबर दुसरं एक औषधही पाण्यात उतरतं. ते उडून जात नाही, साठत राहतं. मग क्लोरीन असून नसल्यासारखं होतं," नोरीनबाई म्हणाल्या. "आपण पातळच घेऊ. थोडं थोडं आणू, सावलीत ठेवू. आणि दोन प्रकार एका भांड्यात कधी आणायचे नाहीत. भडका उडतो."

"तुझी आई आणि माझी आई एका घरात, तसं."

"अगदी तसं."

दर शनिवारी ऊन उतरलं की नोरीनबाई कोपरापर्यंत हात बुडवून खालचं पाणी घेत. पाच थेंब मोजत. पांढऱ्या भिंतीसमोर नळी धरून मी दाखवलेला गुलाबी रंग कार्डाशी ताडून पाहत. मग लागेल तेवढंच क्लोरीन ओतत, तेही संध्याकाळी, कारण ऊन क्लोरीन खाऊन टाकतं. डेस खुर्चीतून म्हणत, "डॉक्टरीणबाई, पेशंट जगणार का?" त्या म्हणत, "पेशंट ठीक आहे. शेजारी बसलेल्याचं सांगता येत नाही."

शेजारचे मर्व्ह बरणीत पाणी घेऊन तपासायला येत. "ही पेटी खोटं बोलत नाही," असं नोरीनबाई त्यांना सांगत. मित्रांनो, ते ऐकून ऐकून मला गर्व झाला. आपलं चुकूच शकत नाही, असं मला वाटू लागलं.

मग एका जुलैत नोरीनबाई गेल्या. कपडे धुण्याच्या खोलीतल्या कपाटात मी पडून राहिले. डेस कपाट उघडत, साबण घेत आणि माझ्याकडे न पाहता दार लावत. झाडावरची जांभळी फुलं तलावात पडून कुजली. पाणी हिरवं झालं. बेडूक राहायला आले.

डिसेंबरात, म्हणजे आमच्याकडच्या भर उन्हाळ्यात, नातीचा फोन आला. तिचं नाव टिली, वय आठ. आजीने तिला याच तलावात पोहायला शिकवलं होतं. या नाताळात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता पोहून दाखवीन, असा शब्द तिने आजीला दिला होता.

"आजोबा, पाणी चांगलं आहे ना?"

"एकदम चांगलं," हिरव्या पाण्याकडे बघत डेस म्हणाले.

फोन ठेवून ते बाजारात गेले आणि पातळ क्लोरीनचे मोठाले कॅन घेऊन आले. चार दिवस ते जाळीने घाण काढत होते, गाळणी धूत होते, ओतत होते. पाणी निळं झालं. नाताळच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी मला बाहेर काढलं. नळी भरली, थेंब टाकले आणि चष्मा शोधू लागले. चष्मा त्यांच्या कपाळावरच होता.

तेवढ्यात माझ्या नळीत गुलाबी रंग आला आणि पापणी लवायच्या आत गेला. क्लोरीन फारच जास्त झालं की ते माझा रंगच खाऊन टाकतं. डेसनी चष्मा लावून पाहिलं, तेव्हा नळीत स्वच्छ पाणी होतं. त्यांना ते शून्य दिसलं. मला ठाऊक होतं, पण मला तोंड नाही.

कुंपणापलीकडून मर्व्ह म्हणाले, "डेस, वास माझ्या स्वयंपाकघरापर्यंत येतोय. तुझे बेडूक माझ्याकडे जागा मागायला आलेत."

"नोरीन म्हणायची, वास सुटला म्हणजे घाणीला क्लोरीन कमी पडलंय," डेस म्हणाले. "पेटीही तेच सांगतेय."

नोरीनबाई तसं म्हणत हे खरं. पण त्या आधी मला विचारत, आणि उत्तर येईपर्यंत नजर हलवत नसत. डेसनी आणखी एक कॅन रिकामा केला.

सकाळी टिली आली. तिच्या लाल पोहण्याच्या कपड्यावर आजीने शिवलेला पिवळा मासा होता. तिने उडी मारली. अर्धा तलाव गेली, थांबली आणि खोकत काठाला आली. तिला डोळे उघडवत नव्हते. तिची आई लीअ‍ॅन हिने तिला उचललं, नळाखाली धरलं आणि पंधरा मिनिटं डोळ्यांवर पाणी सोडत राहिली. दुपारपर्यंत डोळे निवळले. पिवळा मासा मात्र पांढरा पडला होता.

"बाबा, किती ओतलंस?"

"तुझ्या आईची पेटी शून्य दाखवत होती गं."

लीअ‍ॅनने मला उचललं आणि झाकणातलं कार्ड बाहेर ओढलं. त्यामागे झाकणाच्या आतल्या बाजूला नोरीनबाईंचं अक्षर होतं: 'रंग येऊन गेला तर शून्य समजू नये. फार जास्त आहे. एक भाग तलावाचं पाणी, नऊ भाग पावसाच्या टाकीतलं, आणि पुन्हा तपासावं.'

"हे वाचलं नाहीस?"

"काहीतरी लिहिलंय एवढं दिसलं होतं," डेस म्हणाले. "तिचं अक्षर वाचलं असतं तर काल मी उठू शकलो नसतो."

लीअ‍ॅनने तसं पाणी मिसळून पाहिलं. मी गडद गुलाबी झाले. जेवणाच्या टेबलावर कोळंबी तशीच राहिली. डेस भिंतीकडे तोंड करून उभे होते. त्यांना लाज वाटत होती. मलाही. दोघांनाही माफी मागता येत नव्हती.

पाच दिवस कोणी काही ओतलं नाही. उन्हाने आपलं काम केलं. सहाव्या दिवशी माझा रंग कार्डावर बरोबर जुळला आणि टिकला. तरी टिली काठावरून हलेना.

"ही पेटी खोटारडी आहे," ती म्हणाली. मित्रांनो, ते मला लागलं, पण ती चुकीचं बोलत नव्हती.

डेसनी शर्ट काढला. नोरीनबाई गेल्यापासून ते पाण्यात उतरले नव्हते. ते उतरले, बुडी मारली, डोळे उघडे ठेवून वर आले आणि थांबले. टिलीने त्यांचे डोळे नीट तपासले, एकेक करून. मग तिने उडी घेतली. मधे एकदा तिची लय चुकली, पण ती थांबली नाही.

आता दर शनिवारी डेस मला बाहेर काढतात. माझ्या कुप्या नव्या आहेत. पण पूर्वीचा गर्व आता माझ्यात नाही. मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूला विचाराल, तर उत्तर येईपर्यंत तिच्यापासून नजर काढू नका. उत्तर फारच सोयीचं वाटलं, तर पुन्हा विचारा. आणि आपल्या माणसाने काही लिहून ठेवलं असेल, तर रडायला येईल म्हणून ते न वाचता ठेवू नका.

झाकणात नोरीनबाईंच्या अक्षराखाली आता डेसचं वाकडंतिकडं अक्षर आहे. त्यांनी दोनच शब्द लिहिले आहेत: 'आधी चष्मा.'