पाऊण ताट

एकोणीस नंबरच्या खाटेवरचे मास्तर मंगळवारी सकाळी गेले आणि शुक्रवारी त्यांच्या मुलीचा निरोप आला, की चार वाजता भेटायला येते, वडिलांच्या जेवणाबद्दल एकच गोष्ट विचारायची आहे. निरोप आहारबाईंच्या नावाने होता. एवढ्या मोठ्या इस्पितळात डॉक्टर सोडून, नर्स सोडून कुणी आहारबाईंना भेटायला आलंय, असं बारा वर्षांत झालं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही उगाच नाही. बाईंनी निरोप दोनदा वाचला.

आहारतज्ज्ञ हा शब्द तोंडात मावत नाही म्हणून सगळं इस्पितळ त्यांना आहारबाई म्हणायचं. कुणाला मीठ बंद, कुणाला साखर बंद, कुणाला नुसतं पातळ, हे त्या ठरवायच्या. आणि दिलेल्या ताटातलं किती पोटात गेलं, याची नोंद ठेवायच्या. पूर्वी ही नोंद स्वयंपाकघराच्या दाराशी टांगलेल्या फळ्यावर व्हायची. ताटं गोळा करणारी मावशी ढकलगाडी खडखडत घेऊन यायची आणि सांगत सुटायची, की सात नंबरने निम्मं टाकलं, अकरा नंबरने चाटूनपुसून खाल्लं, तेवीस नंबरने नर्सच्या अंगावर सांडलं. बाई खडूने लिहायच्या. फळा वेडावाकडा होता, अर्धा मावशीच्या पदराने पुसला जायचा, पण जे होतं ते खरं होतं.

मग संगणक आला. त्याच्याबरोबर माहिती विभागाचे साहेब आले. पडद्यावरचा प्रत्येक चौकोन हिरवा दिसला पाहिजे, याचा त्यांना इतका ध्यास, की आठवड्याभरात त्यांचं नाव हिरवेसाहेब पडलं. माणूस वाईट नव्हता. फक्त खाट आणि चौकोन यात फरक असतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं.

बाईंच्या वाट्याला बेचाळीस रोगी, दिवसाची तीन ताटं, म्हणजे एकशे सव्वीस नोंदी. प्रत्येक नोंदीला पाच पर्याय: नाही, पाव, अर्धं, पाऊण, पूर्ण. ताट उचलल्यापासून दीड तासात नोंद झाली नाही तर चौकोन लाल. आणि लाल चौकोन राहिला तर दुसऱ्या दिवशीच्या जेवणाच्या चिठ्ठ्याच छापल्या जात नसत. हे एक झालं. दुसरं असं, की एखाद्याला सलग दोन दिवस अर्धं किंवा त्याहून कमी लिहिलं, तर यंत्र नऊ पानी फॉर्म पुढे टाकायचं आणि डॉक्टरला बोलावणं धाडायचं. डॉक्टर येणार, आधीच वैतागलेले, आणि म्हणणार, "बाई, म्हातारं माणूस आहे, कमी खाणारच. यासाठी मला बोलावलंत?" असं चार वेळा ऐकलं की पाचव्यांदा माणूस शहाणा होतो.

बाईंना शहाणं केलं ते त्यांच्या आधीच्या मोठ्या बाईंनी, निवृत्त होताना. पूर्ण लिहू नकोस, त्यांनी बजावलं. इस्पितळाचं अन्न कधीपासून गोड लागायला लागलं, असं कुणीतरी विचारेल. अर्धं लिहू नकोस, फॉर्म येईल. पाऊण लिही. पाऊणला कुणी काही विचारत नाही. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक बटण होतं, ते दाबलं की बेचाळीसच्या बेचाळीस जणांना एकदम तीच नोंद लागायची. मोठ्या बाईंनी तेही दाखवून ठेवलं, आपल्या मुलीला घरच्या किल्ल्या सोपवाव्यात तसं.

तर त्या इस्पितळात गेली दोन वर्षं सगळी दुनिया पाऊण जेवत होती. जबड्याला टाके घातलेला पाऊण, भूल उतरलेली नाही ती पाऊण, एकदा तर सकाळी घरी गेलेला माणूस दुपारी पाऊण जेवला. त्यावर बाई आणि मावशी पोट धरून हसल्या होत्या. बैठकीत हिरवेसाहेबांनी सत्त्याण्णव टक्के हिरवं दाखवलं आणि टाळ्या घेतल्या. मग त्याच जोरावर त्यांनी नवं काढलं: रोग्याच्या नातेवाइकांना घरबसल्या फोनवर त्याची जेवणाची नोंद दिसू लागली.

मास्तरांची मुलगी दोन दिवसांच्या प्रवासावर राहायची. झटक्याने वडिलांची उजवी बाजू गेली तेव्हा ती आली, त्यांना दाखल केलं, चार दिवस उशाशी बसून स्वतः भरवलं, आणि नोकरीवर परत गेली. जाताना तिने ती फोनवरची सोय लावून घेतली. मन तेवढंच निर्धास्त.

ती गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी मावशी बाईंना म्हणाली, की एकोणीसचं ताट जसंच्या तसं परत येतंय, वरचं प्लास्टिकसुद्धा फाटलेलं नाही. ताटावर पातळ प्लास्टिक घट्ट चिकटवलेलं असायचं. धडधाकट माणसालाही ते काढायला नखं आणि दात लागायचे. बाई म्हणाल्या, बघते. सहाव्या दिवशी मावशीने पुन्हा सांगितलं, आणि हेही सांगितलं, की तिने स्वतःच प्लास्टिक फाडून चार चमचे सूप पाजलं, तर नर्स अंगावर आली. ताटं उचलणाऱ्यांनी रोग्याला हात लावायचा नाही, तसा नियम होता. म्हातारा सकाळचं दूध तेवढं डाव्या हाताने नळीने पितो, बाकी काही नाही, मावशी म्हणाली. बाई म्हणाल्या, "बघते म्हटलं ना." त्या दिवशी स्वयंपाकघरात दोन माणसं कमी होती, आणि दुपारच्या बेचाळीस चौकोनांना लाल व्हायला आठ मिनिटं उरली होती. त्यांनी कोपऱ्यातलं बटण दाबलं.

नर्सने पडद्यावर पाऊण पाहिलं. डॉक्टरांनी पाऊण पाहिलं आणि वाढता अशक्तपणा वयाच्या खात्यात टाकला. अंथरुणाला खिळलेल्याचं वजन करायचं तर चौघं लागतात, आणि चौघं कधी एका वेळी मोकळी नसतात. अकरा दिवस गेले. मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया लिहिलं. तो झालाही होता, खोटं नाही. पण रित्या पोटाच्या माणसाने न्यूमोनियाशी कशाच्या जोरावर झुंजायचं, हा चौकोन दाखल्यावर नसतो.

मंगळवारी दुपारी बाईंनी एकट्या बसून मास्तरांचं पान उघडलं होतं. मुलगी गेल्यापासून तेहेतीस वेळा पाऊण, एकाखाली एक, सगळे हिरवे. त्या दिवसापासून त्यांच्या स्वतःच्या घशाखाली घास उतरत नव्हता. घरी नवऱ्याने विचारलं तर पित्त झालंय म्हणाल्या.

शुक्रवारी तीन वाजता हिरवेसाहेब स्वतः त्यांच्या खोलीत आले. दार लोटून घेतलं. नोंदीत आहे तेवढंच सांगा, ते म्हणाले. नोंद पाऊण म्हणते, तुम्ही पाऊण म्हणा. बाईंनी विचारलं, की बेचाळीस नोंदी एकाच सेकंदाला झाल्या, हेही नोंदीत आहे ना? साहेबांनी चष्मा पुसला. ते आत असतं, ते कुणी मागत नाही, ते म्हणाले. मग जरा मऊ आवाजात म्हणाले, की माणूस तर परत येणार नाही, मग त्या बिचारीच्या मनाला कशाला घोर लावता? यातलं शेवटचं वाक्य बाईंना पटलं, हीच पंचाईत झाली.

मुलगी चारला पाच कमी असताना आली. चाळिशीची, केस घट्ट बांधलेले, डोळे कोरडे. बाईंनी मनात धरलं होतं, की ही भांडायला येणार. भांडणारीला उत्तर देणं सोपं असतं, हातात नोंद असते. पण ती खुर्चीच्या कडेवर बसली आणि आधी आभार मानायला लागली. रोज तीनदा नोंद दिसायची, म्हणाली, तेवढाच आधार होता. मग तिने फोन मांडीवर उलटा ठेवला.

"मला एवढंच विचारायचंय," ती म्हणाली. "बाबा फोनवर म्हणायचे, मला इथे खायला मिळत नाही गं. आधी मी समजूत घातली. मग रोज तेच, रोज तेच. जायच्या तीन दिवस आधी मी चिडले. म्हटलं, बाबा, मला इथे दिसतंय तुम्ही पाऊण ताट खाल्लंत ते. खोटं का बोलता?"

बाईंचं लक्ष त्या उलट्या फोनकडे गेलं.

"चाळीस वर्षं त्यांनी पोरांना शिकवलं," ती म्हणाली. "खोटं बोललं की जेवढे रागवायचे तेवढे नापास झालं तरी रागवायचे नाहीत. आणि मी त्यांना खोटं का बोलता म्हटलं. त्यानंतर ते जेवणाचं काही बोललेच नाहीत. बरं आहे, एवढंच म्हणायचे. डॉक्टर म्हणाले, अशा आजारात भ्रम होतो, खाल्लेलं आठवत नाही. भ्रमच होता ना तो? तुम्ही रोज नोंद करत होतात. तुम्ही सांगितलंत की माझ्या मनाला पटेल."

एक होकार, बस. 'हो' म्हटलं असतं तर त्या मुलीचा निदान रात्री डोळ्याला डोळा लागला असता, बाईंची नोकरी राहिली असती, आणि साहेबांचे चौकोन हिरवेच राहिले असते. कुणाचंही वाईट होत नव्हतं, एका मेलेल्या माणसाचं सोडून. तो आपल्याच लेकीच्या लेखी कायमचा भ्रमिष्ट ठरत होता, नाहीतर खोटारडा. 'हो' बाईंच्या जिभेवर आलं होतं. त्यांना स्वतःची इतकी शिसारी आली, की त्यांनी टेबलाची कड धरली.

"भ्रम नव्हता," त्या म्हणाल्या. "ते खरं बोलत होते. ताट भरलेलंच परत येत होतं. मला दोनदा सांगितलं होतं मावशीने. पाऊण मी लिहीत होते. सगळ्यांनाच पाऊण लिहीत होते."

मुलीला ते लगेच कळलं नसावं. तिने फोन सुलटा केला, पुन्हा उलटा केला. मग तिने विचारलं, की किती दिवस? अकरा, बाई म्हणाल्या. बाहेर मावशीची ढकलगाडी खडखडत गेली.

"पण मी सांगून गेले होते," मुलगी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट लहान झाला. "उजवा हात चालत नाही, भरवावं लागेल. खालच्या नोंदणीच्या खिडकीतल्या बाईंनी माझ्यासमोर टाइप केलं होतं."

बाईंनी पडदा तिच्याकडे वळवला आणि मास्तरांचं पान उघडलं. नाव, वय, रक्तगट, पथ्य, आणि पार तळाला 'इतर माहिती' नावाची ओळ. त्या ओळीवर बोट ठेवल्याशिवाय खालचा मजकूर दिसत नसे, आणि त्यावर बोट ठेवायची वेळ कुणावर येत नसे. बाईंनी ठेवलं. उजवा हात चालत नाही. भरवावे लागेल. एकटे असले तर मागणार नाहीत, संकोची आहेत. तारीख होती, वेळ होती, सेकंदसुद्धा होते. एक अक्षर गहाळ झालं नव्हतं.

मुलीने ते दोनदा वाचलं. तिचे ओठ हलले तसं बाईंना कळलं, की हे शब्द तिचेच आहेत, तिने सांगितले तसेच्या तसे.

"तुम्ही हे वाचलं नव्हतं," ती म्हणाली.

"नाही."

"माझे बाबा तुम्ही कधी बघितले तरी होते का? निदान एकदा?"

इथे बाईंना नाही म्हणता आलं असतं. हे कुठल्याच पडद्यावर नव्हतं, मावशीला माहीत नव्हतं, साहेबांना नव्हतं. बेचाळीस खाटांच्या त्या खोलीत बाई आठवड्यातून एकदा जेमतेम डोकावायच्या.

"एकदा," बाई म्हणाल्या. "आठव्या-नवव्या दिवशी असेल. मी दारावरून चालले होते. ताट समोर होतं. त्यांनी मला बघितलं आणि डावा हात वर केला."

"मग?"

"मला वाटलं, ओळख दाखवतायत. मीही हात केला. हसले, आणि पुढे गेले."