पेट्रोलच्या बाजूचा अहवाल

उस्ताद हे नाव तुम्हाला कोणी दिलं, असं त्याला विचारलं तर तो आधी सांगतो की लोकांनी. मग जरा खोदून विचारलं की कबूल करतो, पहिल्यांदा ते त्यानेच स्वतःला म्हटलं होतं आणि लोकांनी भिडेपोटी चालवून घेतलं. ही हकिकतही तो अशीच सांगतो, स्वतःला एकही गुण न देता. तेव्हा ती पुढे सांगताना आपण त्याची अब्रू झाकत बसायचं कारण नाही.

गो-कार्टच्या ट्रॅकवर तो मिस्त्री होता. चारशे मीटरचा वळणावळणाचा डांबरी रस्ता, कडेने रचलेले जुने टायर, एका अंगाला पत्र्याची शेड आणि शेडमध्ये बारा पेट्रोल गाड्या. गाडी म्हणजे तरी काय, चार चाकं, जमिनीपासून चार बोटं उंच एक सीट आणि पाठीशी तडतडणारं इंजिन. कुटुंबं येत, ऑफिसातली टोळकी येत, हेल्मेट चढवून दहा मिनिटं एकमेकांना मागे टाकत आणि हसत खाली उतरत. सव्वीस वर्षं उस्ताद ही इंजिनं सांभाळत होता आणि त्याचा सगळा भाव त्याच्या कानावर होता. शेडच्या दारात ट्रॅककडे पाठ करून तो सांगायचा, पाच नंबरचा प्लग गेलाय, नऊ नंबरच्या कार्बोरेटरमध्ये कचरा अडकलाय. उघडून पाहिलं की तसंच निघायचं.

रोज सकाळची त्याची पद्धत ठरलेली होती. गाडीचं मागचं अंग उचलायचं, चाक हाताने गरकन फिरवायचं, कान द्यायचा आणि सीटच्या पाठीवर खडूने खूण करायची. ती खूण झाल्याशिवाय गाडी शेडबाहेर पडत नसे. दुसरे मिस्त्री चाक धरून हलवून बघतात, बेअरिंगला बोट लावून बघतात. ते ज्यांना कान नाहीत त्यांच्यासाठी, असं उस्तादाचं म्हणणं होतं.

त्याच्या सुखाच्या संसारात एकच खोट होती. बायको हल्ली पुटपुटायला लागली होती. तीही त्याच ट्रॅकवर कामाला होती. काचेच्या केबिनमध्ये वेळेच्या पडद्यासमोर बसून कोणाचा फेरा किती सेकंदांत झाला ते ती माईकवरून सांगायची आणि तिथे तिचा आवाज खणखणीत असायचा. घरी मात्र ओट्याशी उभी राहून काय बोलायची ते तिचं तिलाच ठाऊक. वय झालं की बायकांचा आवाज बारीक होतो, हे त्याने चार जणांना मोठ्या अधिकाराने समजावून सांगितलं होतं.

एके दिवशी ट्रॅकच्या मालकीणबाईंनी ट्रकमधून तीन इलेक्ट्रिक गाड्या उतरवल्या. शेजारी नव्या इमारती झाल्या होत्या आणि तिथली माणसं इंजिनांच्या आवाजाला कंटाळली होती. बाई सरळ माणूस. त्यांनी उस्तादाला सांगितलं की पंधरा दिवस दोन्ही जातीच्या गाड्या चालवा आणि कोणती बरी ते लिहून द्या. तुम्ही लिहाल तसंच करू.

उस्ताद हिशेब करू लागला. जिच्यात प्लग नाही, कार्बोरेटर नाही, ऑइल नाही, तिला उस्ताद कशाला लागतो? पंधरा दिवसांनी बारा गाड्या भंगारात आणि त्यांच्यामागोमाग आपण, हे चित्र त्याला लख्ख दिसलं. म्हणून अहवालाचा निकाल त्याने त्याच संध्याकाळी ठरवून टाकला. आता फक्त कारणं शोधायची होती.

ती शोधताना त्याने काय डोकं लढवलं म्हणता. इलेक्ट्रिक गाडी वळणातून निघताना पाय दाबला की तत्क्षणी झेप घेते, पेट्रोलवालीला आधी दम खावा लागतो. त्याने लिहिलं, ‘अचानक उसळते, नवख्याला धोका.’ तिला धूर नाही, वास नाही. त्याने लिहिलं, ‘शर्यतीचं वातावरण राहत नाही.’ केबिनमधलं एक बटण दाबलं की इलेक्ट्रिक गाड्यांचा वेग तिथल्या तिथे उतरवता येतो, पेट्रोलवाल्याला आवरायचं तर झेंडा घेऊन ओरडत धावावं लागतं. त्याने लिहिलं, ‘चालवणाऱ्याचा अपमान.’ ती वजनाला जड होती आणि थोडा वेळ पळाली की तिला चार्जिंगला लावून वाट बघत बसावं लागे. हे दोन मुद्दे खरे होते, म्हणून त्याने त्यांच्याखाली दोन-दोन रेघा ओढल्या. शेवटचा मुद्दा त्याचा सगळ्यात लाडका होता. ‘आवाज: अजिबात नाही. मागून कोण येतंय ते कळत नाही. घातक.’

बायकोने ते वाचलं. मग अगदी समोर येऊन म्हणाली, “नव्यांतली दोन नंबर ओरडतेय. कालपासून जास्तच.”

इलेक्ट्रिक गाडीला ओरडायला तोंडच नसतं, असं सांगून तो स्वतःच्या विनोदावर पोटभर हसला. येणारी मुलं दोन नंबरला ‘शिट्टीवाली’ म्हणायची, तेही त्याच्या कानावर आलं होतं. त्यावर विचार करून त्याने असा शोध लावला होता की तिचं नाक पुढे निमुळतं आहे, शिट्टीसारखं. मुद्दाम जाऊन पाहिलं तर त्याला ते खरोखर निमुळतं वाटलंही.

आणखी एक गोष्ट त्याच्या लक्षात आली होती आणि ही मात्र त्याने कोणाला सांगितली नाही. वेळेच्या कागदांवर दोन नंबरचे फेरे चार दिवसांपासून मंदावत चालले होते. गाडी मंदावली की मिस्त्री आधी तिला उलटी करून बघतो. पेट्रोलची असती तर उस्तादाने जेवण सोडून तिला उघडलं असतं. इथे त्याने लिहिलं, ‘बॅटरी लवकर थकते,’ आणि रात्री गाढ झोपला.

पंधराव्या दिवशी सकाळी बाई स्वतःच म्हणाल्या की अहवाल वाचण्याआधी आपण दोघं दहा फेरे मारू, तुम्ही पेट्रोल, मी इलेक्ट्रिक. उस्तादाने स्वतःसाठी सात नंबर घेतली. तिचं इंजिन त्याने आदल्या दिवसभर लाडाकोडात जुळवलं होतं. बाईंना त्याने दोन नंबर दिली. तिघींत ही सगळ्यात शांत आहे, असंही वर सांगितलं. चाक फिरवून, कान देऊन, तिच्या पाठीवर स्वतःच्या हाताने खूण केली.

पहिल्याच वळणाला बाई झेप घेऊन पुढे गेल्या. तिसऱ्या फेऱ्याला उस्तादाने अंतर तोडलं, सहाव्याला सरळ पट्ट्यावर त्यांना मागे टाकलं. पाठीशी सात नंबर गरजत होती, हाडं खिळखिळी होत होती आणि हेल्मेटच्या आत तो गालातल्या गालात हसत अहवालाचं शेवटचं वाक्य जुळवत होता. आठव्या फेऱ्याला मागे वळून पाहिलं तर बाईंची गाडी माणूस चालेल इतकी हळू झाली होती आणि मग थांबलीच. केबिनचं दार सताड उघडं होतं. बायको टायर ओलांडून ट्रॅकवर धावत येत होती.

बटण तिनेच दाबलं होतं. उस्तादाचं डोकं फिरलं. रांगेत उभ्या लोकांसमोर तो तिच्यावर उखडला, चालू शर्यतीत हात घालायला तुला कोणी सांगितलं, जिंकत होतो ते बघवलं नाही का, असं बरंच काही. तिने आधी बाईंना हाताला धरून उतरवलं आणि मग त्याच्याकडे वळली.

“मागचं चाक उचला,” ती म्हणाली. “आणि हाताने बघा. कान लावू नका.”

त्याने गाडी उचलून बेअरिंगला बोट लावलं आणि झटक्यात मागे घेतलं, इतकं ते तापलं होतं. शेजारचा आस तापून निळा पडला होता. चिंधीने पुसलं तर लोखंडाचा बारीक चुरा तळव्यावर आला. आणखी एक-दोन फेरे, आणि भर वेगात चाकं जाम होऊन बाई गाडीसकट टायरांवर आदळल्या असत्या.

तरीही सवयीने त्याने चाक फिरवलं. बायकोने कानावर हात ठेवला. बाईंनी डोळे मिटून मान फिरवली. रांगेतल्या एका आईने दातांवर दात दाबले, तिच्या कडेवरचं मूल रडायला लागलं. उस्ताद खाली वाकला, कान अगदी चाकाला टेकेल इतका जवळ नेला. चाक फिरत होतं, बोटांना खरखर लागत होती आणि त्याला काहीही ऐकू येत नव्हतं.

तो तसाच वाकलेला राहिला. वर उठलं की या सगळ्यांच्या तोंडांकडे बघावं लागणार होतं.

मग एकेक करत सगळं उलगडलं. इंजिनाचा जाड धडधडाट त्याला अजून ऐकू येत होता, म्हणून कान शाबूत आहे असं तो धरून चालला होता. बारीक आवाज मात्र सव्वीस वर्षांत त्याच्या लाडक्या इंजिनांनीच खाऊन टाकले होते, केव्हा ते त्याला कळलंही नव्हतं. पेट्रोल गाड्यांची बेअरिंगं तो कॅलेंडर बघून बदलायचा, म्हणून आजवर निभावलं. रोज सकाळी चाकाला कान देऊन तो जे ऐकत होता ते बहुधा स्वतःचं कौतुक असावं. त्याला भीती वाटली आणि भीतीपेक्षा लाज जास्त वाटली.

शेडमध्ये जाऊन त्याने अहवाल बाईंसमोर ठेवला आणि आवाजाच्या मुद्द्यावर काट मारली. तिथे लिहिलं, ‘आवाज आहे. मला येत नाही.’ एवढ्यावर थांबला असता तर लोकांनी त्याची कीवच केली असती, आणि ती घ्यायचा मोह त्याला झालाही. पण बाईंच्या हातात अजून हेल्मेट होतं.

“चार दिवस ही गाडी मंदावत होती,” तो म्हणाला. “मला दिसत होतं. पेट्रोल जिंकावं म्हणून मी उघडून बघितली नाही. आणि मुद्दाम तीच तुम्हाला दिली.”

बाईंनी हेल्मेट खाली ठेवलं. मग त्यांनी सांगितलं की इलेक्ट्रिक गाड्याच येतील. बेअरिंग, ब्रेक, टायर त्यांनाही असतात, तेव्हा मिस्त्री लागणारच. पण उद्यापासून खडूची खूण तुमच्या एकट्याची नाही, आधी केबिनमधून तुमची बायको येऊन ऐकेल, मग गाडी बाहेर जाईल. आणि या आठवड्यात कानाच्या डॉक्टरकडे जायचं. माफ केलं, असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत. उस्तादाच्या ते लक्षात आलं आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं त्याला वाटलं नाही.

संध्याकाळी ट्रॅक बंद झाल्यावर तो आणि बायको शेडचं शटर ओढत होते. दिवसभर तिच्याशी बोलायचं त्याला धैर्य झालं नव्हतं. कुलूप लावून झाल्यावर त्याने विचारलं, “तुला कधीपासून माहीत होतं?”

“सहा वर्षं झाली.”

“मग सांगितलं का नाहीस?”

ती वळसा घालून त्याच्या समोर आली, त्याची बाही धरून त्याचा चेहरा आपल्याकडे वळवला आणि माईकवर बोलते तशी एकेक शब्द सुटा करून म्हणाली, “सांगितलं होतं. दोनदा. दोन्ही वेळा तुम्ही म्हणालात, भाजी छान झालीय.”